पायधोंड

"मग तो ठेवा आहे तरी कुठे, महाराज?"

सिधोबा महाराज बागेत उकिडवे बसून अळूची पानं खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाय धुतलेस?"

"सकाळीच धुतले. खाली ओढ्यावर."

"हं..."

महाराजांनी आणखी एक पान खुडलं आणि टोपलीत ठेवलं. वैजनाथ उभाच राहिला. उत्तर मिळून गेलं की अजून यायचंय, हे त्याला कळेना.

"महाराज, मी ठेव्याचं विचारलं."

"मी पायांचं विचारलं."

वैजनाथ टोपली उचलून मुदपाकखान्याकडे गेला.

तो मठ घाटमाथ्यावर होता, उघड्या कातळावर. एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. कातळ असा, की पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं आणि उन्हाळ्यात पाय ठेवला तर चटका बसायचा. झाड म्हणाल तर नजर पोचेल तिथवर नाही. फक्त मठाच्या पाठीशी, दगडी बांध घातलेल्या एका तुकड्यात, बाग होती. अळू, केळी, भोपळ्याचा वेल आणि मधोमध एक उंबर. डोंगर चढून येणाऱ्या प्रत्येकाला त्या अळूचं फदफदं आणि भाकरी मिळायची. भाकरी कधी कमी पडली असेल, अळू कधी पडलं नाही.

या जागी पहिले आले ते मूळबाबा. त्यांनी मागे काहीतरी ठेवा ठेवलाय, आणि गादीवर बसणाऱ्याला तो आधीच्या गादीवाल्यानं दाखवायचा, एवढी गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती. ठेवा काय, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे पोथी आहे, कुणी म्हणे ताम्रपट. वैजनाथ ताम्रपटाच्या बाजूचा होता.

तसं मानायला त्याला कारण होतं. वैजनाथ शिकलेला. पैठणच्या पाठशाळेत घोटून घोटून तयार झालेला, आवाज खणखणीत, स्मरण असं की ऐकलेलं विसरायचा नाही. मठात आल्यापासून त्यानं सगळी व्यवस्था हातात घेतली होती, आणि खरं सांगायचं तर चांगली चालवली होती. गादी आपल्याकडे येणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. लोकांच्याही नव्हती.

आणि आता तर महाराजांनीच सांगून टाकलं होतं, कार्तिकी पौर्णिमेनंतर मी गादीवर बसणार नाही. गुडघे ऐकत नाहीत, कानही ऐकत नाहीत, आता दुसऱ्यानं ऐकावं.

पौर्णिमा जवळ येत होती. ठेवा मात्र कुणी दाखवत नव्हतं. वैजनाथला आत कुठेतरी भीती वाटू लागली होती. आपल्यात काही कमी दिसतंय का महाराजांना?

*

मठाची एक जुनी रीत होती. वहाणा डोंगराखाली काढायच्या आणि अनवाणी चढायचं. ओढा ओलांडताना तिथे पाय धुवायचे नाहीत. जे काही पायाला लागलं असेल ते तसंच घेऊन वर यायचं, आणि बागेच्या वरच्या कडेला एक मोठा धोंडा होता, त्यावर उभं राहून टाक्यातल्या पाण्यानं पाय धुवायचे. या धोंड्याला पायधोंड म्हणत. पाय घासून घासून तो मधे चांगला बशीसारखा झिजला होता. त्यावरचं पाणी एका खोबणीतून खाली बागेत उतरायचं.

वैजनाथला ही रीत पहिल्या दिवसापासून खुपली होती.

पायऱ्यांवर चिखल. ओसरीवर चिखल. एकीकडे त्यानं झाडून काढावं आणि दुसरीकडे कोकणातनं नाळेच्या, घळीतल्या उभ्या वाटेनं चढून आलेल्यांनी लाल पावलं उमटवावीत, देशावरच्यांनी काळी. देवाच्या दारी माणसानं स्वच्छ होऊन यावं, हे काय कुणी सांगायला हवं? त्यानं ओढ्यापाशी दोन घागरी ठेवल्या, बसायला फरशी टाकली, आणि सणावाराला स्वतः तिथे उभा राहून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "पाय इथेच धुवा, मग वर चला."

बहुतेकांनी ऐकलं. शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर लोक ऐकतातच.

सावळाबाईनं मात्र वाद घातला होता. डोंगराच्या पायथ्याशी तिचं भाताचं खाचर होतं. नवरा गेल्यापासून शेत तीच बघायची.

"आवं बुवा, हितं धुतले तर वरती काय धुवायचं?"

"वर धुवायची गरजच नाही, बाई. स्वच्छ पायांनी वर जायचं."

"माझी सासू वर धुवायची. तिची सासू वर धुवायची."

"त्यांना कुणी सांगितलं नव्हतं."

सावळाबाईनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग पदर खोचला आणि घागरीतलं पाणी पायांवर घेतलं.

"तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली. "मठ तुमचा."

ते 'मठ तुमचा' वैजनाथला गोड लागलं होतं, हे कबूल करायला हवं.

महाराज या सगळ्यावर काहीच बोलले नाहीत. एकदाच, पायधोंडीशेजारी बसले असताना, त्यांनी विचारलं होतं.

"इथलं पाणी बघितलंस का रे अलीकडे?"

"बघतो की, महाराज. आता अगदी नितळ असतं."

"हं... नितळ असतं खरं."

आणि ते उंबराकडे बघत राहिले होते. उंबराची मुळं तेव्हा मातीच्या वर दिसायला लागली होती. पूर्वी दिसत नसत. वैजनाथला वाटलं, झाड म्हातारं झालं.

*

हस्त नक्षत्र लागलं. पौर्णिमा आणखी जवळ आली. वैजनाथला राहवेना.

"महाराज, मी लायक नसेन तर तसं सांगा. मी मन घट्ट करीन."

महाराज उन्हाला पाय पसरून बसले होते. त्यांनी डोळे किलकिले केले.

"ठेवा बागेत आहे," ते म्हणाले.

इतक्या सहज. वैजनाथ चटकन जवळ सरकला.

"बागेत... कुठे?"

"उभा राहशील तिथे."

"म्हणजे पुरलेला आहे?"

महाराजांनी पसरलेले पाय जवळ घेतले.

"तुला खणायचंय?"

"आपली आज्ञा असेल तर."

"आज्ञा कसली... खणावंसं वाटतंय तर खण. हलक्या हातानं खण. आणि जे निघेल ते बांधाच्या आत ठेव."

वैजनाथ तोवर कुदळ आणायला वळला होता. 'खण' एवढं त्यानं ऐकलं. पुढचं कानावर पडलं, पण मनात उतरलं नाही. एरवी एकदा ऐकलेलं न विसरणारा माणूस तो.

उंबराच्या बुंध्यापासून थोडं हटून त्यानं खड्डा घेतला. वरची माती काळी, भुसभुशीत होती. कुदळ नुसती टेकली तरी आत जात होती. तिच्यात कुजकी पानं होती, पांढरी बारीक मुळं होती, आणि प्रत्येक ढेकळातनं एखादं गांडूळ अंग आखडून घेत होतं. सुगंध म्हणावा असा वास येत होता. वैजनाथचं लक्ष नव्हतं.

काढलेली माती ठेवायची कुठे? आत ठेवली तर अळू दबेल, आणि नुकतंच झाडलेलं अंगणही जवळच. त्यानं पाटी भरभरून ती बांधाबाहेर, उतरत्या कातळावर नेऊन टाकली. तिथे कुणाचे पाय पडत नव्हते. तेवढीच स्वच्छता.

हातभर खाली गेल्यावर लाल पट्टा लागला. मग पुन्हा काळी माती. मग पिवळट, मग एक अगदी पातळ, राखेसारखा करडा पदर, मग पुन्हा लाल. खड्ड्याच्या भिंतीवर हे पदर लुगड्याच्या काठासारखे एकाखाली एक दिसत होते. वैजनाथनं क्षणभर बघितलं. त्याला वाटलं, खूण असेल, ठेवा जवळ आला असेल, आणि त्यानं हात जास्तच चालवला.

कंबरेइतक्या खोलीवर कुदळ ठणकली.

तो गुडघ्यांवर बसला. हातांनी उकरलं, बोटांनी खरवडलं, शेवटी अंगावरच्या उपरण्यानं पुसून काढलं.

कातळ होता. नुसता, सपाट, काळा कातळ.

"महाराज," तो खड्ड्यातनंच म्हणाला, "खाली काही नाही. कातळ आहे फक्त."

महाराज काठावर येऊन वाकून बघत होते.

"हो," ते म्हणाले. "मूळबाबा आले तेव्हा तेवढंच होतं."

वैजनाथ आणखी काही विचारणार, एवढ्यात पश्चिमेकडनं आभाळ भरून आलं.

*

हस्ताचा पाऊस सांगून येत नाही. आला तो हत्तीच्या सोंडेनं ओतल्यासारखा आला. वैजनाथ कुदळ टाकून ओसरीत पळाला. अंगण धुऊन निघालं, पायऱ्या धुऊन निघाल्या. बांधाबाहेर टाकलेला मातीचा ढीग आधी खचला, मग सैल झाला, मग कातळावरनं निघाला. काळं पाणी, त्यात लाल पाणी. कड्यापर्यंत गेलं आणि खाली पडलं.

वैजनाथ बघत होता. मनातून तो खट्टू होता, पण मातीसाठी नव्हे. दिवस फुकट गेला म्हणून.

मग त्याला महाराज दिसले.

ते पावसात बांध ओलांडून गेले होते. ज्या गुडघ्यांनी त्यांना पायरी चढवत नव्हती, ते गुडघे टेकून ते कातळावर बसले होते, आणि दोन्ही हात पसरून त्या वाहत्या पाण्याला अडवत होते. पाणी हातांच्या वरनं जात होतं, बोटांमधनं जात होतं, कोपरांना वळसा घालून जात होतं.

वैजनाथ इरलं घेऊन धावला.

"महाराज, आत चला. भिजाल, आजारी पडाल. थोडी माती तर गेलीय."

महाराजांनी मान वर केली. तोंडावरनं पाणी निथळत होतं.

"कुणाची?"

"म्हणजे?"

"कुणाची गेली, म्हटलं."

वैजनाथ इरलं त्यांच्यावर धरायला वाकला.

महाराजांनी तळवा पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत थोडी माती अडकली होती.

"ही लाल बघ. ही कोकणातल्यांची. नाळ चढून येतात ना, त्यांची. ही काळी... ही सावळाच्या सासूची असेल. नाहीतर तिच्या सासूची. ती करडी होती ना, पातळशी... त्या साली दुष्काळ होता. कुणी आलंच नाही. वाऱ्यानं आणली तेवढी."

पाऊस त्यांच्या तळव्यावर पडत होता. माती विरघळत होती.

"आणि माझ्या गुरूंच्या टाचांना भेगा होत्या," ते म्हणाले. "मोठ्या भेगा. त्यांच्या भेगांत पुष्कळ यायची."

वैजनाथनं पायधोंडीकडे बघितलं.

झिजलेल्या धोंड्यातनं, खोबणीतनं, पावसाचं पाणी बागेत उतरत होतं. नितळ होतं.

अंगणभर पाऊस कोसळत असताना त्याला एकेक गोष्ट आठवत गेली... ओढ्यावरच्या घागरी, फरशी, सावळाबाईचा खोचलेला पदर, उंबराची उघडी मुळं. इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या मातीत मिसळून गेलेली, नावंही न उरलेली ती सगळी माणसं आपण एका दुपारी कड्यावरनं ढकलून दिली, असं त्याला वाटलं. आणि ते खरंच होतं.

महाराज त्याला रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्याचा हात धरून उठले आणि आत जाऊन अंग पुसून बसले.

*

दुसऱ्या दिवसापासून मुदपाकखान्यामागच्या उखळातनं दणादण आवाज येऊ लागला.

महाराज काठी टेकत आले.

"काय चाललंय?"

वैजनाथ घामानं निथळत होता. त्यानं डोंगराच्या कुशीतनं मुरूम खणून आणला होता, आणि तो मुसळानं कांडत होता.

"माती करतोय, महाराज. खड्डा भरून देतो. होती तशी करून देतो."

महाराजांनी चिमूटभर घेऊन चोळून बघितली.

"पीठ चांगलं पडलंय."

"शेवटी माती म्हणजे दगडाचाच चुरा ना, महाराज? शास्त्रात..."

"हं. लाव यात काहीतरी."

वैजनाथनं एका कोपऱ्यात ते पीठ भरलं आणि अळूचा एक जोमदार कंद त्यात लावला. रोज पाणी घातलं. पाणी वर तळं करून राही, आणि सुकलं की वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा तडकून उठे. कंदाचं पान पिवळं पडलं. मग देठातनं वाकलं. शेजारी, जुन्या मातीत, वैजनाथनं चुकून पाय दिलेला कंदसुद्धा नवं पान काढून उभा होता.

"काय कमी पडलं, महाराज?"

महाराजांनी तो मलूल कंद उपटला, झटकला. मुळांना काहीच चिकटून आलं नाही.

"यात अजून कुणी मेलेलं नाही," ते म्हणाले.

"...म्हणजे?"

"पान पडून कुजलं नाही. किडा मेला नाही. गांडुळानं तोंडातनं काढलं नाही. जगलंही कुणी नाही यात आणि मेलंही नाही. मग हे कुणाला कसं जगवेल?"

"मग मी पानं घालतो. शेण घालतो. किती वेळ लागेल?"

"तुला घाई आहे?"

"पौर्णिमा आली, महाराज."

"पौर्णिमा येईल. तिला कुठे कुणाची वाट बघायचीय." महाराजांनी कंद पुन्हा उंबराखालच्या मातीत दाबला. "वाडवडलांच्या मेहनतीचं होतं, त्याला एक दुपार पुरली. परत व्हायला दुपार पुरेल असं वाटलं होय रे तुला?"

हे त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं. हळूच, एखाद्या पोराला समजवावं तसं म्हटलं होतं. तेच वैजनाथला जास्त लागलं.

त्या रात्री हस्त पुन्हा येऊन बरसून गेला. सकाळी वैजनाथनं आपली पडशी भरली, एक रिकामी पाटी घेतली आणि कुणाला न सांगता तो डोंगर उतरला. मनाशी त्यानं ठरवलं होतं. गेलेली माती ओढ्यात कुठे अडलेली सापडली तर पाटी भरून परत यायचं. नाही सापडली तर परत यायचंच नाही. ज्यानं ठेवा घालवला त्यानं गादीवर कुठल्या तोंडानं बसायचं?

*

ओढ्याच्या डोहांत त्यानं हात घालून घालून पाहिलं. खडे होते, वाळू होती, गोटे होते. जड ते सगळं मागे राहिलं होतं. मऊ ते सगळं गेलं होतं. कुठल्या नदीला, कुठल्या समुद्राला, कोण सांगणार?

दुपार व्हायच्या सुमाराला तो सावळाबाईच्या खाचरापाशी आला. पाटी रिकामीच होती.

सावळाबाई गुडघाभर चिखलात उभी होती. रात्रीच्या पावसानं खाचराचा बांध फुटला होता, आणि खाचरातलं पाणी त्या भगदाडातनं भळभळा वाहून चाललं होतं. भाताच्या लोंब्या पोटरीतनं नुकत्याच बाहेर आलेल्या. आत्ता पाणी गेलं की दाणा भरायचा नाही, हे तिला सांगायला कुणी नको होतं. ती एकटी दगड रचत होती, आणि रचलेले दगड पाणी ढकलून देत होतं.

"बुवा, तुमी हिकडं कुठं?"

वैजनाथनं पडशी झाडाला अडकवली, धोतर वर खोचलं आणि तो भगदाडात उतरला.

"दगड ठेवा तुम्ही. मी काय करू?"

"चिखल तुडवा. पायानं तुडवून घट करायचा, मग लावायचा. हातानं न्हाई होत."

पैठणात शिकलेले पाय चिखल तुडवू लागले. सुरुवातीला जमेना. तो एकदा चांगला बसकण मारून पडला आणि सावळाबाईनं तोंडाला पदर लावला. मग जमू लागलं. चिखल थंडगार होता, बोटांमधनं वर येत होता. दोघांनी मिळून दगड, गवताची ढेकळं, चिखल, असं थर देत देत भगदाड बुजवलं. पाणी आधी झिरपलं, मग थांबलं. खाचरातलं भात पुन्हा पाण्यात उभं राहिलं.

वैजनाथ बांधावर टेकला. तेव्हा त्याला दिसलं. खाचरात बांधालगत, गाळाचा एक पातळ थर नव्यानं बसला होता. काळ्यावर लाल झाक असलेला.

"हे... हे वरनं आलं?"

"व्हय. त्या मागल्या पावसात आलं. थोडंच हाय, पन मऊ हाय लोण्यावानी. वरती काय झालं व्हतं का?"

वैजनाथनं मान खाली घातली.

"माझ्या हातनं गेलं, बाई. मठाची माती होती ती. तुमच्या सासूबाईंची होती."

सावळाबाई चिखलातून जवळ आली. तिनं त्या गाळाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. मग खाली वाकून तिनं त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"पाटी भरून देऊ?" तिनं विचारलं.

वैजनाथनं रिकाम्या पाटीकडे पाहिलं, मग पाण्यात उभ्या असलेल्या भाताकडे.

"नको," तो म्हणाला. "इथे लागलीय ती. इथेच राहू दे."

तो उठला. पडशी खांद्याला लावली. वाट दोन्हीकडे जात होती, गावाकडे आणि डोंगराकडे. तो नुसताच उभा राहिला.

सावळाबाई पुन्हा दगड चाचपत बसली होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "वर जानार आसाल, तर पाय तसंच घिऊन जावा."

*

ओढ्यापाशी त्याच्याच दोन घागरी होत्या, त्यानंच टाकलेली फरशी होती. वैजनाथनं घागरी पालथ्या घातल्या. मग ओढा ओलांडायचा कसा, हा पेच पडला. पाण्यात पाय घातला तर धुतले जाणार. शेवटी तो या धोंड्यावरनं त्या धोंड्यावर, तोल सावरत, उड्या मारत पलीकडे गेला. कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, बुवांचं डोकं फिरलं.

चढताना तो गवत टाळत होता. गवताला पाय पुसले जातात.

पायऱ्यांवर त्याची काळी पावलं उमटत गेली. त्यानं मागे वळून एकदा बघितलं आणि त्याला रडू आलं.

महाराज पायधोंडीपाशी बसले होते. शेजारी पाण्यानं भरलेली कळशी होती. टाक्यातनं ती त्यांनी स्वतःच आणली असणार, कारण वाटभर पाणी सांडलेलं होतं.

पौर्णिमेला अजून अवकाश होता, पण महाराज एकदम फार थकलेले दिसत होते.

वैजनाथ लांबच थांबला.

"महाराज, मी निघून गेलो होतो."

"ये."

"पाटी रिकामी आहे."

"तसाच ये."

तो पुढे आला. धोंड्याच्या झिजलेल्या खळग्यात उभा राहिला आणि कळशीसाठी वाकला. महाराजांनी कळशी आपल्याकडे ओढली.

"बस."

"महाराज?"

"बस म्हटलं ना."

वैजनाथ कडेला बसला. महाराजांनी त्याचा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. वैजनाथनं चटका बसल्यासारखा पाय मागे ओढला.

"महाराज, नको. हे पाप आहे. मी आपले पाय धुवायचे... आपण नाही."

महाराजांनी पाय पुन्हा ओढून घेतला. पकड अजून घट्ट होती. त्यांनी चुळकाभर पाणी टाकलं, अंगठ्यानं टाच चोळली, बोटांच्या बेचक्या एकेक करून उकलल्या. चिखल सुटला. काळं पाणी खळग्यात साचलं, काठावर आलं, आणि खोबणीतनं हळूहळू खाली, त्या उकरलेल्या खड्ड्याकडे निघालं.

दोघंही ते बघत राहिले. पाणी खड्ड्याच्या तळाशी पोचलं. कातळावर एक ओला, काळा डाग पडला. तळव्याएवढाच.

वैजनाथनं हात जोडले.

"ठेवा कुठे आहे ते कळलं, महाराज," तो कसाबसा म्हणाला. "पण मी तो घालवला. इतक्या सगळ्यांनी जपला, आणि माझ्या हातनं गेला. मी या जागेला लायक नाही. आपण दुसरं कुणी बघा..."

महाराजांनी धुतलेला पाय अलगद खाली ठेवला. कळशी हलवून, पाणी किती उरलंय ते पाहिलं.

"दुसरा पाय दे," ते म्हणाले.